मिक्स मालाची फळी

आमच्या गाळ्यात न मागता दोन गोष्टी साचायच्या. एक प्लास्टिकचा कचरा आणि दुसरे किस्से. कचऱ्यासाठी निदान मशीन तरी होतं! किस्से मात्र तसेच पडून राहिले, आणि अजूनही जुनी मंडळी भेटली की कोणीतरी म्हणतंच, "वैशाली, तो रेनकोटचा सांग ना!" मग रेनकोटचा सांगता सांगता नारळाचा निघतो, नारळावरून फिलूमावशीचा निघतो आणि समोरचा चहा थंड होऊन जातो.

आधी मंडळींची ओळख करून देते. वसई पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा. मालक हेमंतदादा, मूळचे वटारचे, घरची केळीची आणि फुलांची वाडी. मशीनवर रामआसरे, नालासोपाऱ्याला राहणारा. माल निवडायला आणि धुवायला फिलूमावशी आणि तिच्या हाताखालच्या बायका. मावशीचा आवाज असा, की प्लास्टिकचा भुगा करणारा ग्राइंडर चालू असतानाही तिचंच ऐकू यायचं. आणि विरारच्या चंदनसारहून रोज येणारी मी, प्लास्टिकचा डिप्लोमा घेऊन नुकतीच चिकटलेली. पेजरचे दिवस होते. दादांच्या पट्ट्याला पेजर लटकलेला असायचा आणि तो वाजला की दादा हातातलं टाकून एसटीडी बूथकडे पळायचे.

* * *

दादांचा धंदा तेव्हा बालद्यांचा. बालद्या, टमरेलं, मग. बरा चालला होता. एकदा मुंबईला प्लास्टिकचं प्रदर्शन बघायला गेले आणि परत आले ते हातभर लांबीचा एक काळपट ठोकळा काखेत मारून. गाळ्याच्या दारातूनच ओरडले, "वैशाली, ओळख बघू, हे कसलं प्लास्टिक?"

मी तो हातात तोलून बघितला, नखाने खरवडून बघितला, वास घेतला. काही पत्ता लागेना. शेवटी म्हटलं, "तुम्हीच सांगा."

"सगळं!" दादा म्हणाले. "सगळं आहे त्यात! पिशव्या, झाकणं, डबे, मोडके मग, सगळं एकत्र!"

ही केवढी मोठी गोष्ट होती ते सांगायला हवं. भंगारात किंमत असते ती निवडलेल्या मालाला. एका जातीचं प्लास्टिक एका पोत्यात. जो माल एकमेकांत मिसळलेला असतो, ज्याला धंद्यात नुसतं 'मिक्स' म्हणतात, त्याला कोणी हात लावत नाही. प्रत्येक प्लास्टिक वेगळ्या तापमानाला वितळतं आणि एकाचं दुसऱ्याशी जमत नाही, असं मी कॉलेजात पाठ केलं होतं. तो सगळा माल शेवटी खाडीत नाहीतर डंपिंगवर. आणि हा ठोकळा म्हणत होता, जमायची गरजच काय! जे आधी वितळतं ते बाकीच्यांना धरून ठेवतं. जाड फळी काढा. ती कुजत नाही, तिला वाळवी लागत नाही, ती पाणी पीत नाही. मला तर नाचावंसं वाटत होतं.

दादांनी बालद्यांचं मशीन विकलं. मुंबईच्या एका फॅब्रिकेटरकडून पाइप काढायच्या जुन्या मशीनला माल पुढे ढकलणारा नवा स्क्रू आणि फळ्यांचे साचे बसवून घेतले. आणि तो ठोकळा घरी नेला, वडिलांना दाखवायला.

दादांचे वडील म्हणजे आप्पा. वटारला वाडी, खाडीकाठी भातशेती, आणि खाडीचा बांध सगळा त्यांच्या शब्दावर चालायचा. आप्पांनी ठोकळ्याला हातही लावला नाही. दादांच्या आईने मात्र तो उचलला, ओट्यावर ठेवला आणि त्यावर उकळत्या आमटीचं पातेलं टेकवलं! पातेलं उचललं तर ठोकळ्यावर गोल वळ. दादा खूश! "बघा, नुसता वळ उठला!"

आप्पा बायकोकडे वळून म्हणाले, "त्याला सांग, बालद्या करत होता तवर मी चार लोकांत सांगत होतो, पोरगा कारखानदार हाय. आता कोनी विचारलं तर काय सांगू? कचरा रांधतो?"

त्या दिवसापासून आप्पांनी मुलाशी बोलणं टाकलं. जे काय सांगायचं ते आईमार्फत, दादा समोर पाटावर बसलेले असले तरी. "त्याला विचार, भात वाढायचा काय."

* * *

मशीन बसलं त्या दिवसाचा थाट काय सांगू! दादांनी नारळ आणला. रामआसरेने विश्वकर्म्याची तसबीर आणली, झेंडूच्या हारासकट. फिलूमावशी तर थेट आपल्या चर्चच्या फादरांनाच घेऊन आली. "एवढा मोठा मशीन, त्याला आशीर्वाद नको?"

फादरांनी प्रार्थना म्हटली आणि पवित्र पाणी शिंपडलं. दादांनी मशीनच्या पायाशी नारळ आपटला. नारळ फुटला झकास, पण पाणी उडालं ते सरळ कंट्रोल पॅनेलवर! खटकन आवाज आला आणि सगळं बंद.

फॅब्रिकेटर कपाळाला हात लावून बसला. दुपारपर्यंत आम्ही उघडलेल्या पॅनेलला टेबलफॅनचा वारा घालत होतो. रामआसरे गंभीर होऊन विचारत होता, "मॅडमजी, किसके पानी से हुआ? नारियल के या फादर के?"

फादर तिथेच उभे होते बिचारे. ते काही बोलायच्या आत दादा म्हणाले, "मशीन मिक्सचं आहे बाबा! ते आशीर्वाद पण मिक्सच घेणार!"

सगळ्यात मोठ्याने फादरच हसले. संध्याकाळी मशीन सुरू झालं तेव्हा टाळ्या वाजवायलाही तेच होते.

* * *

पहिला माल भरायचा होता. दादांनी मिक्सची पोती आणून टाकली आणि फिलूमावशीला सांगितलं, "मावशी, हे धुऊन तयार ठेवा." एवढं सांगून आम्ही दोघं फॅब्रिकेटरकडे उरलेले साचे आणायला गेलो. तिथेच अडकलो, दुसऱ्या दिवशीही.

परत आलो तर गाळ्यात डोळ्यांचं पारणं फिटावं असं दृश्य! पिशव्या एका बाजूला, झाकणं दुसऱ्या बाजूला, डब्यांचे तुकडे तिसऱ्या. त्यातही रंग वेगळे. पांढऱ्याचा ढीग, निळ्याचा ढीग. बाटल्यांची बुचंसुद्धा लाल वेगळी, हिरवी वेगळी. मावशीच्या बायका कंबर धरून उभ्या आणि मावशी शाबासकीची वाट बघत.

 मावशीला जन्मभर मिक्स माल हातात आला की निवडायचा, हीच सवय! हात थांबणार कसे?

मी हळूच म्हटलं, "मावशी, या मशीनला मिक्सच लागतं हो. निवडायचं नव्हतं."

मावशीने माझ्याकडे बघितलं, ढिगांकडे बघितलं. "मग आता?"

"आता परत मिसळायला लागेल."

मावशीने रामआसरेच्या हातातलं फावडं हिसकावून घेतलं आणि पहिल्याच दणक्यात निळ्याचा ढीग पांढऱ्यावर उलथला. "मना पन हेच करायचं व्हतं कवापासून!" ती म्हणाली. मग सगळ्या बायका तुटून पडल्या. लाल बुचं हिरव्यात, पिशव्या डब्यांत, नुसता धुमाकूळ! इतक्या खुशीत काम झालेलं मी त्या गाळ्यात पुन्हा पाहिलं नाही.

* * *

माल कमी पडायला लागला तेव्हा मला कल्पना सुचली, आपल्या बिल्डिंगमधूनच गोळा करू! चंदनसारला आमच्या सोसायटीत मी दारोदार फिरले. "काकू, प्लास्टिकचा कचरा वेगळा ठेवा, मी रविवारी घेऊन जाईन."

पहिला प्रश्न सेक्रेटरीकाकांचा. "फुकट नेणार? का?"

"त्याच्या फळ्या करतो."

"त्यात तुमचा फायदा आहे ना? मग आम्ही कचरा का द्यायचा?" काका बँकेतून निवृत्त झाले होते. कचरा टाकायला त्यांची हरकत नव्हती, द्यायला होती. शेवटी मीटिंगमध्ये असं ठरलं की कचरा द्यायचा, पण सोसायटीचे आभार मानायचे. मी लगेच जाहीर आभार मानले.

दुधाच्या पिशव्या मात्र मिळणार नव्हत्या, हे मला माहीत होतं. कुठल्या घरात त्या कचऱ्यात जातात? धुवायच्या, मोरीच्या टाइल्सवर चिकटवून वाळवायच्या आणि गठ्ठा बांधून भंगारवाल्याला घासाघीस करून विकायच्या. आमच्या आईनेही मला दिल्या नाहीत! "तुझं मशीन तुझ्या जागी," ती म्हणाली.

रविवारी मी पोतं घेऊन निघाले. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी गच्च भरलेली कॅरीबॅग पुढे केली. वेफरची पाकिटं, शांपूच्या पुड्या, कपड्यांचे तुटके चिमटे, सगळं होतं. मी कृतज्ञतेने घेतली आणि जिना उतरायला लागले. तोच वरून हाक आली.

"अगं वैशाली! कचरा ओत आणि कॅरीबॅग परत दे हं! चांगली आहे ती!"

* * *

मिक्स म्हणजे सगळं चालतं असं नव्हतं. एक गोष्ट मशीनला अजिबात चालायची नाही, ती म्हणजे पीव्हीसी. रेनकोट, पाइपचे तुकडे, काही चपला. ते तापलं की असा धूर सुटतो की डोळे आणि घसा दोन्ही विसरा. म्हणून फिलूमावशीचा दारावर पहारा असायचा. तिच्या नजरेतून चप्पल सुटणं शक्य नव्हतं.

एके दिवशी पाऊस थांबला होता आणि काम रंगात आलं होतं. अचानक मशीनच्या तोंडातून पिवळट धूर! आम्ही तोंडाला ओढण्या, रुमाल लावून बाहेर पळालो. आमच्या मागोमाग शेजारच्या गाळ्यातली माणसं पळाली, मग त्यांच्या पलीकडची. सगळी इस्टेट रस्त्यावर येऊन खोकत होती.

"कोनी टाकला?" मावशी गरजली. "माझ्या हातातून काय बी गेलेलं नाय!"

बायकांनी शपथा घेतल्या. मी माझ्या बाजूने शपथ घेतली. दादांनी तर आईची घेतली. आणि त्या सगळ्या गोंधळात डोळे पुसत पुसत रामआसरे ग्राइंडरच्या वरच्या खुंटीकडे बघत म्हणाला, "मॅडमजी, मेरा रेनकोट कहाँ गया?"

शेजारच्या गाळ्यात अगरबत्ती बनायची. तिथले शेट दुसऱ्या दिवशी एक पुडा घेऊन आले आणि दादांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "माझा आख्खा मोगरा गेला. आता या वासाला नाव तुम्हीच सुचवा!" आणि त्या दिवशीच्या फळीत रामआसरेच्या रेनकोटचं एक टिचबटण अगदी मधोमध चमकत होतं. ती फळी त्याने कोणाला कापू दिली नाही.

* * *

पहिली चांगली फळी निघाली तो दिवस मात्र खराच सणासारखा होता. आधीच्या सगळ्या कुठे पोकळ, कुठे भेगाळलेल्या. ही मात्र भरीव, काळी, मधे मधे निळे-लाल ठिपके, टिचकी मारली तर ठण्ण वाजणारी! दादांना धीर निघेना. गार होऊ द्या म्हणून मी ओरडत होते आणि त्यांनी साचा उघडलाच. फळी गार पाण्याच्या टाकीत बुडवली, बाहेर काढली आणि आमच्या डोळ्यांदेखत ती दोन्ही टोकांनी वर वळायला लागली. शेवटी चांगला बाक आला तिला.

मी रडकुंडीला आले. फिलूमावशीने फळी आडवी धरून नीट बघितली आणि म्हणाली, "मालक वटारचा. केळाच निघनार!"

हसून हसून दादा खाली बसले. पुढची फळी मात्र गार होईपर्यंत त्यांनी हात मागे बांधून ठेवले होते, आणि ती निघाली अशी सरळ की मी तिला चक्क मिठी मारली.

* * *

त्याच सुमारास माझं लग्नाचं बघणं चाललं होतं. आता माझी एक खोड सांगते. त्या दिवसांत काही काही डब्यांच्या, बाटल्यांच्या तळाला त्रिकोणात आकडा यायला लागला होता. त्यावरून प्लास्टिक कुठलं ते कळतं. गाळ्यात दिवसभर तेच बघून मला सवय लागली. हातात काही आलं की आधी उलटं करायचं.

तर विरारलाच एक स्थळ होतं. मुलगा चांगला, नोकरी चांगली. मुलाच्या आईने आम्हालाच घरी बोलावलं, घर बघून घ्या म्हणून. स्वयंपाकघर दाखवलं. शेल्फवर ओळीने डबे. त्या माझ्या आईशी बोलत होत्या आणि मी एकेक डबा उचलून खालून बघत होते! तुरीचा बघितला, साखरेचा बघितला, पाण्याची बाटली बघितली. मला भानच नव्हतं. आई मागून चिमटे काढत होती तेही कळलं नाही.

दोन दिवसांनी मध्यस्थ काकांचा निरोप आला. "मुलगी शिकलेली आहे, नाकीडोळी नीटस आहे. पण मुलाच्या आईचं म्हणणं, आमच्या घरातल्या प्रत्येक डब्याचं बूड बघून गेली. हिला नक्की काय हवंय?"

स्थळ गेलं. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. डबे तसेही काही खास नव्हते!

* * *

फळ्या निघायला लागल्या, पण घेणार कोण? सुताराला दाखवल्या तर तो म्हणे, याला रंधा मारता येत नाही, मी करू काय? बिल्डरला दाखवल्या तर तो म्हणे, आधी दुसरा कोणी वापरू दे, मग मी बघतो. प्रत्येकाला दुसरा व्हायचं होतं, पहिला कोणालाच नाही.

मग दादांनी फळ्यांचं एक बाक केलं आणि इस्टेटच्या कोपऱ्यावर, रिक्षा थांबतात तिथे फुकट ठेवून दिलं. लोकांना बसू दे, कळू दे! आम्ही गाळ्याच्या दारातून बघत होतो. माणसं यायची, बाकाजवळ थांबायची, एका बोटाने फळीला हात लावायची आणि बोट बघायची. आणि उभीच राहायची. फळी इतकी काळी आणि चकचकीत की सगळ्यांना वाटायचं, डांबर ओलं आहे!

शेवटी फिलूमावशी आपला डबा घेऊन गेली आणि बाकावर मधोमध बसली. आरामात बोंबलाचं कालवण आणि भात जेवली. मग उठली, रस्त्याकडे पाठ केली आणि साडीचा मागचा भाग झटकून सगळ्यांना दाखवला. "बघा! लागलंय काय कुठं?"

त्या दिवसापासून बाकावर जागा मिळेना. पण विकत घ्यायला कोणी आलं नाही. फळ्यांची थप्पी छताला टेकत चालली होती. एक दिवस दादांनी आम्हाला जवळ बोलावलं आणि सांगितलं, "दिवाळीपर्यंत बघू. तोवर एकाही माणसाने फळी खऱ्या कामाला लावली नाही, तर मशीन विकतो आणि गाळा बंद करतो. तुम्ही आपापलं बघून ठेवा." त्यांचा आवाज इतका साधा होता की मला रडूच आलं. मला दुसरी नोकरी मिळाली असती हो. पण ते मशीन माझं वाटत होतं मला. आणि दादांनी वटारला जाऊन आप्पांना काय तोंड दाखवायचं?

* * *

आता शेवटचा सांगते. हा मी घाईत कधीच सांगत नाही.

सर्वपित्री अमावास्येची सकाळ होती. गाळ्यात आम्ही चौघंच होतो, दादा, मावशी, रामआसरे आणि मी. दारात टेम्पो थांबला आणि उतरले कोण? आप्पा! धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, पाय चिखलाने माखलेले. गाळ्यात पहिल्यांदाच येत होते. दादा खुर्चीवरून उठून उभे राहिले. आप्पा त्यांना वळसा घालून सरळ माझ्यासमोर आले.

"बाय, तुझ्या मालकाला सांग, उघाडी गेली."

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. दोन दगडी खांब, त्यांना उभ्या खाचा आणि खाचांत एकावर एक बसवलेल्या आडव्या फळ्या. ओहोटीला फळ्या काढून शेतातलं जास्तीचं पाणी सोडायचं, भरतीला परत घालून खाडीचं खारं पाणी अडवायचं. सकाळी फळ्या काढायला गेले तर कुजलेल्या लाकडाचा हातात भुगा आला. आणि दुपारी अमावास्येच्या उधाणाची भरती! भातात दाणा भरत होता. खारं पाणी आत शिरलं की पीक तर गेलंच, वर जमीनही काही वर्षं कामातून जाणार. एकट्या आप्पांची नाही, सगळ्या गावाची.

"वखारीत लाकूड नाही मिळालं?" मी विचारलं.

"वखार बंद. आनि उघडी असती तरी काय? पितरपाखात नवीन लाकूड बांधाला लावायला गावात एकजन तयार नाय. नवं काय घ्यायचं नसतं ना या दिवसांत! सगळे हात बांधून बसलेत."

"मग आमच्या फळ्या कशा चालतील?"

"ह्या कुठं नव्या हायत?" आप्पा म्हणाले. "लोकांनी वापरून टाकलेल्या पिशव्या, मोडके डबे. समदं जुनंच. पितर काय बोलनार नायत."

मी वळून बघितलं तर दादा फळ्या टेम्पोत चढवायला लागले होते.

बांधावर सगळं गाव जमलं होतं. रामआसरेने खाचेच्या मापाने करवतीने फळ्या कापल्या. खाडी भरायला लागली होती. दादांनी पहिली फळी खाचेत घालून तळापर्यंत दाबली आणि हात सोडला. फळी हळूहळू वर आली आणि तरंगायला लागली! दुसरी घातली, दोन्ही वर आल्या.  आमची फळी पाण्यापेक्षा हलकी! लाकूड भिजतं, जड होतं, बसून राहतं. आमची पाणी पीतच नाही. हेच तर मी वर्षभर सगळ्यांना कौतुकाने सांगत होते.

बांधावरून कोणीतरी ओरडलं, "कचराच तो! तरंगनार नाय तर काय?" लोक हसले. एवढं पीक जायची वेळ आली तरी हसले. दादांचा चेहरा मला बघवेना. ते छातीएवढ्या पाण्यात फळी धरून उभे होते आणि ती सोडायला तयार नव्हते.

तेवढ्यात आप्पा पाण्यात उतरले. "सगळ्या घाला एकावर एक," त्यांनी रामआसरेला सांगितलं. सगळ्या फळ्या खाचेत गेल्या आणि आप्पा खांबाला धरून वरच्या फळीवर चढून उभे राहिले. त्यांच्या बाजूचं टोक खाली बसलं, दुसरं टोक वर उचललं गेलं.

आप्पांनी सरळ दादांकडे बघितलं. "बघतो काय? त्या टोकाला चढ!"

वर्षभरात बापाने मुलाशी बोललेलं पहिलं वाक्य! दादा चढले. फळ्या एकमेकांवर घट्ट बसल्या. तोल जायला लागला तसा दोघांनी एकमेकांचा खांदा धरला आणि तसेच उभे राहिले. पाणी बाहेरून चढत गेलं. आधी फटींतून जोरात चिळकांड्या उडाल्या, मग त्या बारीक झाल्या, मग नुसतं झिरपणं राहिलं. खाडी फळ्यांच्या वरच्या कडेच्या जरा खाली येऊन थांबली. आत भात जसंच्या तसं उभं होतं. बांधावर आरडाओरडा सुरू झाला, "धरली रे, धरली!" फिलूमावशी मोठमोठ्याने देवाचे आभार मानत होती, रामआसरे शिट्ट्या मारत होता, आणि मी हसतेय की रडतेय ते माझं मलाच कळत नव्हतं.

मी बांधावरून वाकून ओरडले, "आप्पा, या आता वर! पाण्याच्या दाबानेच फळ्या खाचेत आवळल्यात. आता त्या वर येत नाहीत, उभं राहायची गरज नाही!"

आप्पांनी मुलाच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

"मना ठाव हाय," ते म्हणाले, आणि भरती ओसरेपर्यंत तिथेच उभे राहिले.